सपाट रेष किती वेळ सपाट? : प्रकल्प नोंदी, सांगली

५ जानेवारी

नवी वही. पहिल्या पानावर काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे मार्चमध्ये मलाच विसर पडणार नाही.

मिश्रधातू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गोठवत नेला, की गोठलेला भाग आणि द्रव यांच्यात एक सीमा तयार होते. लॅबमध्ये आम्ही तिला नुसतं ‘फ्रंट’ म्हणतो. फ्रंट कधी पट्टीनं आखल्यासारखा सपाट असतो, कधी त्याला बोटं फुटतात, तर कधी त्या बोटांना आडव्या फांद्या येऊन झाडं होतात. पुस्तकात या तिघांची सुबक चित्रं शेजारीशेजारी छापलेली असतात. एकातून दुसरं कसं होतं, ते मला बघायचं आहे.

धातूच्या आत दिसत नाही, म्हणून सक्सिनोनायट्राइल घ्यायचं. पांढरा, मेणासारखा पदार्थ, ५८ अंशांना वितळतो. गोठताना त्याला मिठासारखे कोनाकोनाचे पैलू पडत नाहीत, तो धातूसारखा गोलाईनं वाढतो. जॅक्सन आणि हंट यांनी १९६५ मध्ये असे पारदर्शक पदार्थ धातूंच्या जागी वापरून दाखवले, आणि तेव्हापासून या विषयातली निम्मी प्रगती काचेच्या आत झाली आहे. त्यात चिमूटभर ऍसिटोन घातलं की झाला आमचा ‘मिश्रधातू’.

पदार्थ विषारी आहे. शरीरात गेला तर त्यातून सायनाइड सुटतं. हातमोजे आणि धूरकपाट, दोन्ही सक्तीचे. लॅबमधल्या काकांना समजावून सांगितलं, तर त्यांनी बाटलीवर लाल स्केचपेननं कवटी काढून ठेवली. माझ्या लेबलापेक्षा तीच जास्त उपयोगी पडेल.

९ जानेवारी

कुपवाड एमआयडीसीत मामाच्या शॉपमध्ये. तांब्याचे दोन ठोकळे मिलिंगवर काढून घेतले. एकात हीटर, दुसऱ्यात पाण्याचं भोक. मधे १० मिमी मोकळी जागा. नमुन्याची नळी दोन्हींवर आडवी ठेवायची आणि गरमाकडून थंडाकडे हळूहळू ओढायची. ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९२५ च्या भट्टीत हेच उभ्यानं होतं.

मामा अल्युमिनियमचं ओतकाम करतो. ठोकळे हातात घेऊन म्हणाला, “एवढ्याशा फटीत काय ओतणार गं तू?”

“ओतायचं नाही मामा, गोठताना बघायचंय.”

“आम्ही पंचवीस वर्षं ओततोय, गोठताना कुणी बघितलं न्हाई. फोडल्यावर बघतो, तेबी गिऱ्हाइकानं माल परत पाठवला तर.”

१३ जानेवारी

ओढायची यंत्रणा. थ्रीडी प्रिंटरातला स्क्रू एका फेऱ्याला ८ मिमी सरकतो, तो इथं चालणार नाही, कारण आम्हाला सेकंदाला २-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वेग हवा आहे. जुन्या बाजारातून मायक्रोमीटरचं डोकं मिळालं. एका फेऱ्याला अर्धा मिमी. त्याला स्टेपर मोटर जोडली. २०० पावलं, प्रत्येक पावलाचे १६ तुकडे, म्हणजे एका तुकड्याला ०.१६ मायक्रॉन. धक्का जाणवू नये इतकं बारीक. तोटा एकच : हे डोकं २५ मिमीच्या पुढं जात नाही.

तेव्हा वाटलं, २५ मिमी म्हणजे डोक्यावरून पाणी.

१६ जानेवारी

संक्रांतीच्या तिळगुळासकट सर लॅबमध्ये. उतार, म्हणजे दर मिमीला तापमान किती बदलतं ते, मोजला. गरम ठोकळा ८५, थंड २५, कागदावर मिमीला ६ अंश यायला हवेत. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीत सरकवून मोजले तर ४.८. काच आणि ठोकळा यांच्यात उष्णता अडते, फटीतली हवा थोडी पळवते. यापुढं ४.८ धरायचे.

१९ जानेवारी

आधी ऍसिटोन न घालता कोरी चाचणी. सेकंदाला १० मायक्रॉन. शुद्ध पदार्थाचा फ्रंट सपाट राहायला हवा. दोन मिनिटांत बोटं!

बाटलीवर ‘९९ टक्के’ लिहिलंय, आणि उरलेला १ टक्का आमच्यासाठी महासागर आहे. सर म्हणाले, “चोराच्याच हातून चोर पकडा.” म्हणजे असं : गोठताना घन भाग परका घटक फारसा आत घेत नाही, पुढच्या द्रवात ढकलतो. मग जाड नळीत पदार्थ एका टोकाकडून सावकाश गोठवा, शेवटचं टोक फेकून द्या, पुन्हा वितळवा, पुन्हा गोठवा. घाण दर वेळी शेपटीकडे जाते. अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या विल्यम फॅन या संशोधकानं १९५२ मध्ये यात थोडी सुधारणा केली. सगळा दांडा एकदम न वितळवता फक्त एक वितळलेला पट्टा त्याच्या लांबीभर फिरवायचा. त्यातूनच ट्रान्झिस्टरला लागणारं शुद्ध जर्मेनियम मिळालं.

आमच्याकडे जाड नळी, जुना हीटर आणि भरपूर वेळ आहे.

२७ जानेवारी

सात फेऱ्या झाल्या. कोरी चाचणी १० मायक्रॉनला : सपाट, आणि चाळीस मिनिटं सपाटच. मधले आठ दिवस लिहिण्यासारखं काही नाही.

२९ जानेवारी

मिश्रण. वजनानं ०.१ टक्का ऍसिटोन. चपट्या काचनळ्या : २ मिमी रुंद, आत ०.२ मिमी पोकळी. टोक वितळलेल्या मिश्रणात बुडवलं की नळी आपोआप भरते. इतक्या पातळ पोकळीत द्रवाला घुसळायला जागाच नाही, म्हणून ऍसिटोन फक्त विसरणानं (डिफ्यूजन, दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं) हलतो आणि गणित सोपं राहतं. जाड नमुन्यात प्रवाह सुरू होतात आणि फ्रंट वाकतो. म्हणून जाड नमुने बघायला लोक अवकाशात गेले : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या ‘डेक्लिक’ या फ्रेंच उपकरणात हेच सक्सिनोनायट्राइल होतं, आणि त्यात घातलेला परका घटक होता कापूर. आरतीतला. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग तिथं वास आला असेल का गं?”

नळीचं टोक आधी ग्लूनं बंद केलं. सक्सिनोनायट्राइलनं ग्लू मऊ केला आणि सगळं ठोकळ्यावर पसरलं. मग गॅसच्या बारीक ज्योतीवर काचच वितळवून टोक बंद केलं. ते टिकलं.

३१ जानेवारी

आकडेमोड. ही नोंद लांबणार.

२०१९ च्या पुरानंतर घरात गुडघाभर गाळ होता. आई आणि मी फावड्यानं तो अंगणाकडे ढकलत होतो. फावडं पुढं जातं तसा त्याच्यासमोर गाळाचा ढीग वाढतो, आणि ढीग एवढाच वाढतो की जितका गाळ नव्यानं समोर येतो तितकाच फावड्याच्या कडेनं निसटतो. फ्रंटपुढं ऍसिटोनचं नेमकं हेच होतं. घन भाग द्रवातल्या ऍसिटोनचा साधारण दहावा हिस्साच आत घेतो, बाकी पुढं. त्यामुळं फ्रंटला चिकटून ऍसिटोननं दाट झालेला थर साचतो. दाट मिश्रणाचा गोठणबिंदू खाली असतो, फ्रंटपासून दूर गेलं की तो पुन्हा वर येतो. हा गोठणबिंदू जर खऱ्या तापमानापेक्षा जास्त वेगानं वर चढला, तर फ्रंटसमोरचा द्रव त्याच्या स्वतःच्या गोठणबिंदूपेक्षा थंड असतो, तरी द्रवच. अशा जागी चुकून पुढं आलेला टेंगूळ मागं यायचं कारण उरत नाही. तो पुढंच जातो.

हा हिशोब टिलर, जॅक्सन, रटर आणि चामर्स यांनी १९५३ मध्ये मांडला. १९६४ मध्ये मलिन्स आणि सेकेर्का यांनी त्यात पृष्ठताण घातला आणि किती रुंदीचा टेंगूळ वाढेल, किती रुंदीचा मरेल, ते काढून दाखवलं. फार बारीक टेंगूळ पृष्ठताण पुसून टाकतो. फार रुंद असला तर ऍसिटोनला बाजूला सरायला वेळ पुरत नाही. मधल्या रुंदीचे जगतात.

सीमेचा वेग (फ्रंटचा नव्हे, सपाट आणि बोटं यांच्यामधल्या हद्दीचा) काढायला तापमानाचा उतार गुणिले विसरण गुणांक, भागिले गोठण्याचा पल्ला. १ टक्का ऍसिटोनमागं गोठणबिंदू साधारण ३ अंश उतरतो. ०.१ टक्क्याला गोठायला सुरुवात ०.३ अंश खाली होते, पण फ्रंटपुढचा ढीग पूर्ण साचला की तो दहापट दाट, म्हणजे १ टक्का, आणि ३ अंश खाली. सुरुवातीपासून पूर्ण गोठेपर्यंतचा पल्ला २.७ अंश. विसरण गुणांक सेकंदाला १.२७ × १०⁻⁹ चौरस मीटर. उत्तर : सेकंदाला सुमारे २.३ मायक्रॉन. याच्या खाली सपाट, वर बोटं.

२ फेब्रुवारी

४ मायक्रॉन. सीमेच्या पावणेदोनपट. बोटं फुटणार म्हणून कॅमेरा लावून बसलो.

५ मिनिटं : सपाट. १० मिनिटं : सपाट. प्रकल्पातला जोडीदार म्हणाला, “सूत्र झोपलं.” वहीत लिहिलं : ‘४ मायक्रॉन, सपाट, टिकाऊ. सूत्राशी जुळत नाही. कारण शोधणे.’ भूक लागली होती. मोटर बंद करायची राहिली आणि आम्ही विश्रामबागेत भडंग खायला गेलो. हळदीचे सौदे सुरू झालेत, मार्केट यार्डाकडून येणाऱ्या ट्रकमागं गाडी चालवली की कपड्यांनाही वास लागतो.

पाऊण तासानं परत आलो तर पडद्यावर बोटंच बोटं. एका रांगेत, कंगव्यासारखी.

३ फेब्रुवारी

कॅमेऱ्यानं दर १० सेकंदांनी एक चित्र घेतलं होतं. सगळी चित्रं सलग पाहिली. २२ व्या मिनिटापर्यंत रेष खरंच सपाट. नळीच्या डाव्या बाजूला दोन स्फटिककण भेटतात, तिथं रेषेत आधीपासूनच एक खाच होती. २४ व्या मिनिटाला त्या खाचेच्या शेजारी एक फुगवटा, मग त्याच्या शेजारी दुसरा, ताकावर लाट पसरावी तसे. उजवा भाग सर्वांत शेवटी, ३० मिनिटांच्या आसपास. पहिले फुगवटे दाट होते. पुढच्या दहा मिनिटांत त्यातले काही मागं पडून शेजाऱ्यांखाली गाडले गेले आणि अंतर वाढलं.

म्हणजे काल दहाव्या मिनिटाला जे पाहिलं तो सपाट फ्रंट होता, पण फावड्यासमोर अजून ढीगच साचला नव्हता. ढीग साचायला लागणारा वेळ म्हणजे विसरण गुणांक भागिले (वाटणीचं प्रमाण गुणिले वेगाचा वर्ग). प्रमाण ०.१, म्हणजे घन भाग आत घेतो तो दहावा हिस्सा. ४ मायक्रॉनला हा वेळ १३ मिनिटं. १० मायक्रॉनला जेमतेम २ मिनिटं, म्हणून कोऱ्या चाचणीत घाणीनं लगेच तोंड दाखवलं होतं. आणि १.५ मायक्रॉनला? ९४ मिनिटं. वेग निम्मा केला की थांबायचा वेळ चौपट होतो.

हे सूत्र पुस्तकात सीमेच्या वेगाच्या पुढच्याच पानावर आहे. मी ते पान वाचलेलं होतं. पेन्सिलनं खूणही केलेली आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

१.५ मायक्रॉन, सकाळी ८:५० ला सुरू. साचण्याच्या वेळेच्या तिप्पट थांबायचं तर पावणेपाच तास, आणि नळी तेवढ्यात सरकते २५ मिमी. मायक्रोमीटरची शेवटची रेघ. जानेवारीत मारलेली बढाई आठवली.

मामा दुपारी डबा घेऊन आला. पडद्यावर एक आडवी रेष, दुसरं काहीच नाही. थोडा वेळ बघत बसला.

“काय हलत न्हाई की.”

“हलतंय. सकाळी रेष त्या खुणेवर होती.”

“मग मागं सरकलीय. तू तर पुढं ओढतीयास.”

बरोबर पकडलं त्यानं. सुरुवातीला फ्रंट मिश्रणाच्या गोठणबिंदूवर उभा असतो. समोर ऍसिटोन साचतं तसा गोठणबिंदू उतरतो, आणि फ्रंट त्या उतरत्या तापमानाच्या शोधात थंड बाजूकडे सरकत जातो. या माघारीला इंग्रजी पुस्तकांत बंदुकीच्या झटक्याचा शब्द आहे. आमच्याकडे झटका कसला, चार तासांत मुंगीच्या पावलानं गेली रेष.

१:३५ ला मोजलं : एकूण माघार ०.४ मिमी. आणि इथं हिशोब उलटा फिरवता येतो. ०.४ मिमी गुणिले मिमीला ४.८ अंश म्हणजे १.९ अंश. गोठण्याचा खरा पल्ला एवढाच, २.७ नाही. मग ऍसिटोनही ०.१ टक्का नाही, ०.०७. बाकीचं नळी ज्योतीवर बंद करताना उडालं. सीमेचा खरा वेग ३.२ मायक्रॉन.

नळी न फोडता तिच्यात काय आहे ते फ्रंटनंच सांगितलं. मला हे आतापर्यंतचं सर्वांत आवडलेलं मोजमाप. मामाला पोळीभाजीत जास्त रस होता.

१० फेब्रुवारी

३ मायक्रॉन, १०० मिनिटं. सपाट. खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मंद लाटा, त्या वाढल्या नाहीत. ४ ला फुटतं, ३ ला नाही, हिशोब ३.२ म्हणतो. आज सरांना फोटो पाठवला. उत्तर : “ठीक.” सरांच्या कोशात याहून मोठा शब्द नाही.

१३ फेब्रुवारी

१० मायक्रॉनला छान रांग लागली होती आणि लाइट गेली. हीटर यूपीएसवर, मोटर साध्या बोर्डावर. म्हणजे तापमान जागेवर, ओढणं बंद. बॅटरीवरच्या लॅपटॉपनं चित्रं घेणं चालू ठेवलं, हे नशीब.

बारा मिनिटांत : बोटांची टोकं आधी बोथट झाली, सगळी रांग गरम बाजूकडे पुढं आली, खाचा मागून भरत गेल्या. अगदी खोल खाचांच्या तळाशी द्रवाचे थेंब अडकून राहिले. लाइट आली तेव्हा रेष जवळजवळ सपाट दिसत होती. मोटर सुरू झाली आणि मिनिटाभरात बोटं परत उगवली, पण नव्या जागी नाही. जिथं जुन्या खाचांच्या खुणा उरल्या होत्या तिथंच. सपाट दिसणाऱ्या रेषेला आपलं जुनं रूप आठवत होतं.

खरं तर आजचा दिवस वाया गेला असं लिहायला वही उघडली होती.

१७ फेब्रुवारी

म्हणून मुद्दाम केलं. एकच नळी, शेवटचा वेग एकच : १० मायक्रॉन. एकदा खालून यायचं : ५ वर अर्धा तास, मग १०. एकदा वरून : २० वर पाच मिनिटं, मग १०. दोन्ही वेळा १० वर पंधरा मिनिटं.

खालून आल्यावर २ मिमी रुंदीत १५ बोटं. वरून आल्यावर २१. अंतर १३३ आणि ९५ मायक्रॉन.

तोच पदार्थ, तोच उतार, तोच वेग. दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही टिकून. कारण रांगेला अंतर बदलायचं तर ते सहज होत नाही. दाट रांगेतलं एखादं बोट शेजाऱ्यांनी गाडलं तर अंतर वाढतं, विरळ रांगेत एखादं टोक दुभंगलं तर ते कमी होतं. दोन्हींना बऱ्यापैकी जोर लागतो, तोवर आहे ते अंतर चालून जातं. एका वेगाला एक अंतर नसतं, अंतरांचा एक पट्टा असतो. त्यात कुठं बसायचं ते आधीच्या वाटेवरून ठरतं.

जोडीदाराचा आग्रह : दोन्हींची सरासरी ११४ लिहू, आलेख सरळ येईल. भांडण झालं. दोन्ही बिंदू लिहिले.

२३ फेब्रुवारी

५० मायक्रॉनला बोटांना आडव्या फांद्या, म्हणजे झाडं. उजवीकडच्या कणातली सरळ उभी, डावीकडच्या कणातली साधारण २० अंश कलती. झाड उष्णतेच्या दिशेनं सरळ वाढत नाही, स्फटिकाच्या स्वतःच्या आवडत्या दिशेनं वाढतं. जेट इंजिनाच्या पात्यांत याचाच उपयोग करतात : कणांच्या शर्यतीतून एकच कण पुढं जाऊ द्यायचा, म्हणजे अख्खं पातं एका स्फटिकाचं. झाडं त्यातही असतात, फक्त सगळी एकाच दिशेची.

पुस्तकी नियम असा की झाडांमधलं अंतर वेगाच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे अंतर निम्मं करायला वेग १६ पट. तेवढा वेग आमच्या मोटरला झेपतो, कॅमेऱ्याला नाही. सोडून दिलं.

१ मार्च

मामाच्या शॉपमध्ये, बिघडलेल्या एका कास्टिंगच्या कापलेल्या तुकड्यापाशी. पॉलिश आणि ऍसिड केल्यावर झाडं भिंगातून स्वच्छ दिसतात. त्यानं विचारलं, “सपाटच गोठवलं तर मधे घाण साचणारच न्हाई न्हवं?”

तिथंच चहाच्या बिलामागं हिशोब केला. अल्युमिनियममध्ये ४ टक्के तांबं, गोठण्याचा पल्ला सुमारे ६४ अंश. मिमीला १० अंशांचा उतार धरला, तो त्याच्या साच्यात राखणंही मुश्कील, तरी सपाट फ्रंटसाठी तासाला १.७ मिमीहून जास्त वेगानं जाता येणार नाही. १०० मिमीच्या कास्टिंगला अडीच दिवस.

“एका नगाला?”

“एका नगाला.”

त्यानं बिल परत मागून घेतलं. मागं हिशोब असला तरी पुढचे साठ रुपये खरे होते. मग म्हणाला, झाडं व्हायचीच असतील तर बारीक होऊ देत, चिल (साच्यात बसवायचा, उष्णता पटकन ओढणारा धातूचा तुकडा) कुठं लावू ते सांग. जाड भागाच्या खाली, तुकड्यात झाडं सगळ्यात भरड दिसतात तिथं खडूनं खूण करून दिली. पुढच्या ओतणीचा एक नग कापून बघायचं ठरलं.

६ मार्च

अहवालाचे तक्ते. प्रत्येक ओळीला दोन नवे रकाने जोडले : ‘किती वेळ थांबलो’ आणि ‘आधीचा वेग’. जानेवारीतल्या सहा ओळींत पहिला रकाना भरताच येईना, कारण तेव्हा घड्याळ बघितलंच नव्हतं. त्या ओळी काढून टाकल्या.

२ फेब्रुवारीच्या पानावर ‘टिकाऊ’ हा शब्द लाल पेननं खोडून ‘१० मिनिटं’ लिहिलं.

९ मार्च

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी : मायक्रोमीटर उलटा फिरवल्यावर सुरुवातीचे ३० मायक्रॉन नुसते स्क्रूच्या ढिलाईत जातात, नळी हलत नाही. गरम ठोकळ्याचा डावा स्क्रू सैल होतो. नळी ज्योतीवर बंद करताना दुसरं टोक ओल्या फडक्यात धरा, ऍसिटोन कमी उडतं. मोटर यूपीएसवर घ्या. मामाचा नग शुक्रवारी कापणार आहेत.